जेलवर नको तितक्या वर थांबलेली पट्टी: ग्लायकोआरएनएचं प्रकरण

मे २०२१ मध्ये 'सेल' या नियतकालिकात स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या कॅरोलिन बर्टोझी यांच्या लॅबचा एक पेपर आला. पहिलं नाव रायन फ्लिन यांचं. दावा असा की आपल्या पेशींतल्या काही छोट्या आरएनए रेणूंवर साखरेच्या लांबलचक, फांद्या फुटलेल्या साखळ्या असतात, आणि हे साखर चढलेले आरएनए पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, अगदी उघड्यावर असतात. त्यांना नाव मिळालं ग्लायकोआरएनए.

बारावीला पेशीची आकृती काढलेल्या कुणालाही यात काहीतरी खटकायला हवं. आरएनए तयार होतो केंद्रकात आणि राबतो पेशीद्रव्यात. एन-ग्लायकन नावाच्या साखळ्यांचा कारभार वेगळ्याच जागी चालतो. आंतर्द्रव्यजालिकेच्या पोकळीत त्या प्रथिनांवर चढतात, गॉल्गीमध्ये त्यांची छाटणी होते, नव्या फांद्या लागतात, टोकाला बहुधा सियालिक ॲसिड ही साखर बसते आणि मग ते प्रथिन पृष्ठभागाकडे रवाना होतं. या दोन जागांच्या मध्ये पटल आहे, आणि आरएनएसारखा ऋणभारित रेणू ते आपण होऊन ओलांडत नाही. शिवाय साखळी चढवणारं एन्झाइम संकुल ॲस्परॅजिन हे अमायनो आम्ल शोधतं, तेही ठरावीक क्रमात आलेलं. आरएनएत ॲस्परॅजिन कुठून येणार?

म्हणजे दावा खरा असेल तर निदान दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. आरएनए त्या पोकळीत पोचतो कसा, आणि साखळी नेमकी कुठे टेकते. २०२१ च्या पेपरकडे यांपैकी एकाचंही उत्तर नव्हतं. तरीही तो छापला गेला, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. साखर आरएनएसोबत आढळते इथपासून साखर आरएनएला रासायनिक बंधाने जोडलेली आहे इथपर्यंत यायला कोणकोणता पुरावा लागतो, ते या प्रकरणात टप्प्याटप्प्याने दिसतं. म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

आमिष

बर्टोझी यांना २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मॉर्टेन मेल्डाल आणि बॅरी शार्पलेस यांच्यासह मिळालं. बर्टोझी यांचा वाटा होता जिवंत पेशीत, पेशीच्या स्वतःच्या रसायनात ढवळाढवळ न करता, हवी तीच अभिक्रिया घडवून आणण्याचा. त्यासाठी त्यांनी ॲझाइड हा गट निवडला. तीन नायट्रोजन एका ओळीत असलेला हा गट आपल्या पेशींत नैसर्गिकपणे आढळत नाही आणि पेशीतल्या कशाशी फारसं देणंघेणंही ठेवत नाही. ताण दिलेल्या आठ कार्बनच्या कड्यातला तिहेरी बंध समोर आला, की मात्र तो तांब्याच्या मदतीशिवाय झटकन जोडला जातो. तांबं पेशींना विषारी असल्यामुळे हे महत्त्वाचं. २००४ मध्ये त्यांच्या गटाने ही अभिक्रिया जिवंत पेशींवर करून दाखवली.

फ्लिन यांनी हेच हत्यार आरएनएवर चालवलं. पेशींच्या माध्यमात मॅनोसामाइनचं एक बदललेलं रूप घालायचं, ज्याच्या शेपटीला ॲझाइड आहे. पटल ओलांडता यावं म्हणून त्यावर चार ॲसिटिल गट चढवलेले असतात. आत गेल्यावर पेशीतली एन्झाइम्स ते गट काढून टाकतात, मॅनोसामाइनचं सियालिक ॲसिड बनतं आणि ॲझाइडसकट ते साखळ्यांच्या टोकाला जाऊन बसतं. नंतर ॲझाइडला बायोटिन जोडलं की जिथे सियालिक ॲसिड गेलं तिथे बायोटिनचा ठसा उमटतो. प्रथिनांच्या बाबतीत हा खेळ दोन दशकं चालू होता. आरएनएत काही दिसेल असं मानायला फारसा आधार नव्हता. काही टीआरएनएंमध्ये क्यूओसीन या बदललेल्या घटकावर एखादी साधी मॅनोज किंवा गॅलॅक्टोज असते हे जुनं ज्ञान होतं, पण एक सुटी साखर आणि दहा-बारा साखरांची फांद्यांची साखळी यांत बराच फरक आहे.

पट्टी

प्रयोग जरा जवळून पाहू, कारण पुढचा सगळा वाद याच पायऱ्यांवरून झाला.

पेशींना एक-दोन दिवस ॲझाइडवाली साखर खाऊ घालायची. मग फिनॉल आणि ग्वानिडिनियमच्या द्रावणात पेशी फोडून आरएनए वेगळा काढायचा. हे द्रावण प्रथिनांची घडी मोडतं आणि क्लोरोफॉर्म घालून फिरवलं की आरएनए वरच्या पाण्याच्या थरात राहतो. तो थर आरएनए धरून ठेवणाऱ्या सिलिकाच्या स्तंभातून धुवायचा, प्रोटिनेज-के हे प्रथिनं चावून खाणारं एन्झाइम घालायचं, डीएनए काढायचा, पुन्हा स्तंभ. उरलेल्या आरएनएवर बायोटिन चढवून तो रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या, फॉर्माल्डिहाइडच्या ॲगरोज जेलवर पळवायचा, कागदासारख्या पटलावर उतरवायचा आणि बायोटिनला घट्ट पकडणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिनने ते शोधायचं.

बायोटिनची खूण एका पट्टीच्या रूपात आली, पण ती दिसली जेलच्या फार वरच्या भागात, अवजड रेणू अडखळतात तिथे. आरएनए आकारानुसार वेगळे केले तेव्हा मात्र खूण २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा छोट्या आरएनएंसोबत निघाली. छोटा आरएनए एवढ्या वर का थांबावा? साखळ्यांमुळे त्याची चाल मंदावत असावी हे एक स्पष्टीकरण. दुसरं असं की ही पट्टी मुळात आरएनएची नाहीच. बहुतेक लॅबमध्ये अशी पट्टी अशुद्धी म्हणून वहीत नोंदवून सोडून दिली गेली असती. मीही बहुधा तेच केलं असतं.

इथे ती सोडली गेली नाही, तिच्यावर एकामागून एक एन्झाइम सोडलं गेलं. आरएनए तोडणारी एन्झाइम्स घातली, पट्टी गेली. डीएनए तोडणारं घातलं, पट्टी राहिली. सियालिक ॲसिड छाटणारं सियालिडेज घातलं, पट्टी गेली. एन-ग्लायकन मुळापासून कापणारं पीएनजीएज-एफ घातलं, खूण घटली. पेशींना साखळी बांधणीच्या वेगवेगळ्या पायऱ्या अडवणारी औषधं दिली; त्या त्या पायरीला शोभेल असाच बदल पट्टीत झाला. गॅलॅक्टोज स्वतः तयार करू न शकणारी चायनीज हॅम्स्टरची एक उत्परिवर्ती पेशीरेषा ग्लायकोबायोलॉजीवाले जुन्या काळापासून वापरतात. तिला बाहेरून साखर पुरवली की पट्टी खुलते, हेही दाखवलं. उंदरांना ॲझाइडवाली साखर टोचली तर यकृत आणि प्लीहेच्या आरएनएत तीच खूण मिळाली. आणि जिवंत, न फोडलेल्या पेशींवर सियालिडेज टाकलं तरी खूण घटली. ते एन्झाइम पटलातून आत जात नाही, त्यामुळे साखर बाहेरच असली पाहिजे.

यादी भक्कम आहे. पण नीट पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक प्रयोगाचा घाट एकच: काहीतरी तोडा आणि पट्टी जाते का बघा. पट्टी दिसण्यासाठी आरएनए हवा आणि साखरही हवी, एवढं यातून कळतं. दोघांमधला बंध यात कुठेच थेट दिसत नाही.

मागे घेतलेला ग्वानोसिन

या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा तपशील छापील पेपरमध्ये नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये याच कामाचा प्रिप्रिंट, म्हणजे नियतकालिकात छापण्याआधी जाहीर केलेला मसुदा, आला होता, आणि त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं की सस्तन प्राण्यांचे वाय-आरएनए ठरावीक ग्वानोसिन घटकांवर एन-ग्लायकनने बदललेले असतात. वाय-आरएनए हा छोट्या आरएनएंचा एक गट. म्हणजे कोणता आरएनए, कोणता घटक, दोन्ही सांगून टाकलं होतं. दीड-पावणेदोन वर्षांनी 'सेल'मध्ये छापलेल्या शीर्षकात उरलं ते एवढंच की छोटे आरएनए एन-ग्लायकनने बदललेले असतात आणि जिवंत पेशींच्या पृष्ठभागावर असतात. ग्वानोसिन गेला. वाय-आरएनए हे एकमेव उमेदवार राहिले नाहीत. टीआरएनए आणि केंद्रकातल्या छोट्या आरएनएंची भर पडली.

प्रिप्रिंट आणि छापील पेपर शेजारी ठेवून वाचायची सवय आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना कुणी फारशी लावत नाही. लावायला हवी. दावा किती आक्रसला हे पाहिलं की पुरावा किती ताणला गेला होता ते कळतं. इथे साखळी कुठे टेकते हा मजकूर सरळ काढून टाकला गेला, आणि त्या कोऱ्या जागेमुळेच पुढची तीन वर्षं त्या प्रश्नावर नीट काम झालं.

शंकेखोरांचं म्हणणं

शंका अनेकांनी घेतली, आणि त्यातली मुख्य शंका अशी की पट्टी ग्लायकोप्रथिनांची असू शकते. साखरेने गच्च झाकलेलं प्रथिन प्रोटिनेज-केला सहजी दाद देत नाही. गोधडी डोक्यावरून ओढून झोपलेल्या माणसाला डास कुठे चावणार? आणि अशा प्रथिनाचा बराचसा भाग साखर असल्यामुळे ते पाण्यात छान विरघळतं, फिनॉलला जुमानत नाही आणि आरएनएसोबत वरच्या थरात जाऊ शकतं. आरएनए आणि ग्लायकोप्रथिनं एकत्र शुद्ध होतात असं दाखवणारं काम गेल्या काही वर्षांत पुढे आलं आहे.

मग आरएनए तोडल्यावर पट्टी का जाते? यालाही बिनबंधाचं स्पष्टीकरण सुचतं. समजा ग्लायकोप्रथिनं स्तंभावर आरएनएच्या आधाराने चिकटत असतील. आरएनए नाहीसा केला की ती धुण्यात वाहून जातील आणि पट्टी जाईल. साखर आरएनएला जोडलेली नसूनही परिणाम तोच. उलटतपासणीला साधे प्रयोग पुरतात. आरएनए तोडून झाल्यावर बाहेरून निराळा आरएनए घालून मग स्तंभातून काढा आणि पट्टी परतते का पाहा. प्रोटिनेज-के घालण्याआधी नमुना तापवून, डायसल्फाइड बंध तोडून प्रथिनांची घडी पूर्ण उलगडा. ग्लायकोआरएनएवरचा कुठलाही नवा पेपर हातात आला की हे दोन कंट्रोल, म्हणजे पडताळणीचे प्रयोग, आहेत का, हे मी आधी पूरक माहितीत शोधतो.

दुसरी शंका आमिषावरच. चार ॲसिटिल गट चढवलेल्या अशा कृत्रिम साखरा पेशीत एन्झाइमशिवायच प्रथिनांच्या सिस्टिनला चिकटतात हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं होतं. म्हणजे खूण दिसली म्हणून ती सियालिक ॲसिडचीच असं डोळे मिटून म्हणता येत नाही. सियालिडेजचे प्रयोग या शंकेला बऱ्यापैकी उत्तर देतात, पण आमिषाशिवाय मूळ, नैसर्गिक साखर पकडता आली तर उत्तम.

एसीपी३यू

आमिषाशिवाय नैसर्गिक साखर पकडायची नवी पद्धत ऑगस्ट २०२४ मध्ये 'सेल'मध्ये आली. फ्लिन तोवर बोस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटल आणि हार्वर्डमध्ये स्वतःची लॅब चालवत होते आणि सोबत होते सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मास स्पेक्ट्रोमेट्रीवाले, म्हणजे रेणूंचं वजन मापणारे, बेंजामिन गार्सिया. पद्धत जुन्या पेरआयोडेट रसायनावर बेतलेली आहे. सियालिक ॲसिडच्या बाहेर आलेल्या शेपटीत शेजारी-शेजारी हायड्रॉक्सिल गट असतात. सौम्य पेरआयोडेट त्यांच्यामधला बंध तोडून तिथे अल्डिहाइड सोडतं, आणि अल्डिहाइडला बायोटिन जोडता येतं. अडचण अशी की प्रत्येक आरएनएच्या एका टोकाच्या रायबोजवरही तसेच शेजारी-शेजारी हायड्रॉक्सिल असतात, म्हणजे सगळाच आरएनए उजळून निघायचा. सियालिक ॲसिडची शेपटी रायबोजपेक्षा लवकर तुटते, या वेगाच्या फरकावर पद्धतीची मदार आहे. पेरआयोडेटचं प्रमाण, वेळ, तापमान यांतला ढिलेपणा इथे महागात पडतो.

या मार्गाने गोळा केलेल्या आरएनएचे तुकडे करून वजन मापलं तेव्हा साखरेसोबत निघाला तो एक बदललेला युरिडिन, एसीपी३यू. त्याच्या बेसवर तीन कार्बनची शेपटी असते आणि तिच्या टोकाला एक अमायनो गट आणि एक कार्बॉक्सिल गट. म्हणजे आरएनएच्या अंगावर चिकटलेलं जवळजवळ एक अमायनो आम्लच. ॲस्परॅजिन शोधणाऱ्या यंत्रणेला आरएनएत काय सापडलं असेल, आणि पीएनजीएज-एफ इथे काय कापत असेल, या दोन्ही कोड्यांना यातून वाट दिसते. एसीपी३यू काही नवा नाही, टीआरएनएमध्ये तो फार पूर्वीपासून माहीत आहे. माणसात तो बसवणाऱ्या दोन एन्झाइम्सची ओळख २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी पटवली होती. त्यांतलं डीटीडब्ल्यूडी२ काढून टाकलेल्या पेशींत ग्लायकोआरएनएची खूण घटली.

बंध अखेर दिसला. माझ्या हिशेबी या प्रकरणातला निर्णायक पुरावा हा आहे, २०२१ ची पट्टी नव्हे. पण तो नेमकं काय सिद्ध करतो हेही नीट म्हणायला हवं. एसीपी३यूवर एन-ग्लायकन असू शकतो, असतो, हे तो दाखवतो. जेलवरच्या त्या जाड पट्टीतला किती भाग या बंधाचा आणि किती सोबत आलेल्या प्रथिनांचा, हा हिशेब त्यातून होत नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या असण्याला रसायनशास्त्राची काहीच हरकत नाही.

आरएनए पोकळीत पोचतो कसा, या पहिल्या प्रश्नाचा धागा येल विद्यापीठातून मिळाला. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या जुन लू आणि दियानचिंग वू यांच्या गटांनी उंदरांच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींवर काम छापलं. सी. एलिगन्स या कृमीत दुपदरी आरएनए पेशीत घेणारं सिड-१ हे प्रथिन २००२ पासून माहीत होतं. सस्तन प्राण्यांतल्या त्याच्या दोन भाईबंदांशिवाय, म्हणजे सिडटी१ आणि सिडटी२ शिवाय, न्यूट्रोफिलवर ग्लायकोआरएनए नीट तयार होत नाही असं त्यांना आढळलं. आणि पृष्ठभागावरचा आरएनए एन्झाइमने खरवडून काढला तर न्यूट्रोफिल सूज आलेल्या जागी कमी संख्येने जमतात. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावरचं पी-सिलेक्टिन हे प्रथिन हा साखर-भाग ओळखतं. इथे ग्लायकोआरएनए पहिल्यांदा काहीतरी काम करताना दिसला. पृष्ठभागावर आरएनए असतो हे मात्र याहून आधीचं. सान डिएगोच्या शेंग झोंग यांच्या गटाने २०२० मध्येच, साखरेचा विषय न काढता, तसं दाखवलं होतं.

आजाराशी संबंध

ल्युपस, म्हणजे शरीराचं संरक्षक दल स्वतःच्याच पेशींवर उलटतं तो आजार. त्याच्या रुग्णांना एएनए प्रोफाइल ही प्रतिपिंडांची तपासणी चांगली परिचयाची असते. रिपोर्टमध्ये एकाखाली एक नावं असतात, त्यांत एसएस-ए/आरओ अशी एक ओळ असते. हे आरओ प्रथिन ज्या छोट्या आरएनएंना धरून बसतं तेच वाय-आरएनए. १९८१ मध्ये जोन स्टाइट्झ आणि सहकाऱ्यांनी ते ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तद्रवातल्या प्रतिपिंडांच्या मदतीनेच शोधले होते. माणसात ते चार प्रकारचे, आणि सगळे शंभर न्यूक्लिओटाइडच्या आसपासचे.

शरीराचं संरक्षक दल पेशीच्या आतल्या या मालाविरुद्ध प्रतिपिंडं का बनवतं, हा संधिवात तज्ज्ञांचा जुना प्रश्न. तोच माल पेशीच्या बाहेर असेल तर प्रश्नाची मांडणीच बदलते. २०२१ च्या पेपरमध्ये त्यासाठी सिग्लेक तपासले होते. सियालिक ॲसिड ओळखणारे हे ग्राहक रोगप्रतिकारक पेशींवर असतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून शिकून पुढे सान डिएगोला गेलेल्या अजित वर्की यांच्या कामातून त्यांच्याबद्दलचं बरंच ज्ञान आलं आहे. तपासलेल्या सिग्लेकपैकी सिग्लेक-११ आणि सिग्लेक-१४ यांचं पेशींना चिकटणं आरएनए तोडल्यावर घटलं. गंमत म्हणजे पहिला प्रतिसाद दाबणारा आहे आणि दुसरा चेतवणारा.

२०२५ मध्ये 'नेचर'मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाच्या विजय रथिनम यांच्या गटाने फ्लिन यांच्यासह याच दिशेचं एक काम छापलं, आणि ते मला सिग्लेकपेक्षा जास्त पटतं. साखळी कापून टाकलेला छोटा आरएनए रोगप्रतिकारक पेशींना दिला तर दाह भडकतो. साखळी असलेला दिला तर नाही. साखळीखाली झाकलेला एसीपी३यू उघडा पडला की एंडोसोममधले, म्हणजे पेशीने गिळलेला माल जातो त्या पिशव्यांमधले, टीएलआर३ आणि टीएलआर७ हे पहारेकरी त्याला ओळखतात. मेलेल्या पेशी आपल्या शरीरात सतत गिळल्या जात असतात आणि एरवी त्यावरून काही गोंधळ होत नाही. पृष्ठभागावरचा आरएनए साखरेखाली झाकलेला असतो हे त्यामागचं एक कारण असू शकतं.

इथून ल्युपसपर्यंत उडी मारायचा मोह होतो. साखळी सुटली, आरएनए उघडा पडला, टीएलआर७ चेतलं, प्रतिपिंडं आली. टीएलआर७ आणि ल्युपसचं नातं वेगळ्या पुराव्यांनी पक्कं आहे, त्यामुळे ही गोष्ट फारच सरळ बसते. पण रुग्णांच्या पेशींवर ग्लायकोआरएनएची साखळी खरंच कमी असते का, हे दाखवल्याशिवाय ती नुसती गोष्ट आहे. कर्करोगात ग्लायकोआरएनएला निदानाची खूण म्हणून वापरायचे प्रस्तावही येत आहेत. कर्करोगाच्या पेशींवर सियालिक ॲसिड मुळातच वाढलेलं असतं, ग्लायकोप्रथिनांवर तर भरपूर. अशा वेळी आरएनएच्या नमुन्यात खूण वाढली यावरून आरएनएवरची साखर वाढली असं म्हणण्याआधी वर लिहिलेले दोन कंट्रोल दुप्पट गरजेचे ठरतात.

प्रयोगशाळेत आता सर्वांत जास्त निकड आहे ती एका कंटाळवाण्या वस्तूची: एसीपी३यूवर ठरावीक एन-ग्लायकन असलेला, रासायनिक पद्धतीने बनवलेला, शुद्ध छोटा आरएनए. तो ठरावीक प्रमाणात पेशीअर्कात मिसळून सगळ्या पायऱ्यांतून न्यायचा, जेलवर तो कुठे थांबतो ते पाहायचं आणि दर हजार टीआरएनएंमागे साखर चढलेले किती, हा आकडा मोजून काढायचा.